उन्हाळ्याच्या तोंडावर गावाने आगीची तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव खानापूर तालुक्यातलं. एका अंगाला गायरान आणि त्याला लागून वनखात्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून वाढत गेलेला ऊस. गेल्या मार्चमध्ये भर दुपारी उसाला आग लागली. विझवायला धावलेल्यांपैकी दोघे चक्कर येऊन पडले, एकाला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ग्रामपंचायतीकडे थोडा निधी शिल्लक आहे. सदस्य म्हणून तुम्ही विचारताय की त्यातून आग विझवायचे लाल सिलिंडर घ्यावेत की ट्रॅक्टरला जोडायची छोटी आगीची गाडी. शिवाय ऊस तारेमुळे पेटला तर भरपाई कशी मिळते.

मी साखर कारखान्यात आगीच्या गाडीवर नोकरी केली. निवृत्तीनंतर कडेगाव, पलूस, वाळवा या भागात तरुण मंडळांना आणि बचत गटांना हेच शिकवायला जातो. माझं स्पष्ट मत आहे की खरेदीचा विचार सगळ्यात शेवटी करा. तुमच्या गावात आग लागली दुपारी आणि माणसं पडली उन्हाने. ऊन आणि आग हे तुम्ही दोन वेगळे विषय धरलेत, पण गावात ते एकाच घड्याळावर चालतात. सकाळी अकरा ते चार या वेळात पाला सगळ्यात वाळलेला असतो, वारा सुटलेला असतो, तारा तापून खाली आलेल्या असतात आणि माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. त्यामुळे आग लागायचीही हीच वेळ आणि विझवणारा कोसळायचीही हीच. म्हणून तयारी घड्याळापासून सुरू करायची.

आधी सिलिंडरचा निकाल लावतो. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पाव-अर्ध्या मिनिटात रिकामा होतो आणि त्याचा मारा चार-पाच पावलांपलीकडे जात नाही. पेटलेल्या उसापुढे त्याचा काही उपयोग नाही. तो स्वयंपाकघराला, पाणीपुरवठ्याच्या मोटरघराला, शाळेला आणि यात्रेतल्या स्टॉलला कामाचा. दोन-चार जरूर घ्या, पण तिथे लावायला. ट्रॅक्टरवरच्या गाडीबद्दल पुढे लिहितो, कारण ते तुमच्या गावच्या रस्त्यांवर आणि पाण्यावर अवलंबून आहे.

आता उसाची आग. उसाला आग लागण्याची कारणं मी पाहिली ती मुख्यत्वे तीन. पहिलं, बांध पेटवणं. दुसरं, तोडणी झालेल्या शेजारच्या रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवणं. तिसरं, वरून गेलेल्या तारा. तारांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण गावात लोक "शॉर्टसर्किट झालं" एवढंच म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. ॲल्युमिनियमची तार उन्हाने तापली की लांबते आणि दोन खांबांच्या मध्ये झोळ पडतो. झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने हलल्या की एकमेकींना घासतात, ठिणगी पडते, वितळलेल्या धातूचे थेंब खाली येतात. खाली दहा-बारा फूट वाढलेला ऊस, त्याच्या बुडाशी वाळलेला पाला. एक थेंब पुरतो. हे सकाळी सातला घडत नाही. थंडीत त्याच तारा ताणलेल्या दिसतात, त्यामुळे जानेवारीत लाईनमन येऊन बघून गेला तर त्याला काही वावगं दिसत नाही. त्याला दुपारी बोलवा. तारांमध्ये स्पेसर (दोन तारा एकमेकींपासून लांब ठेवणारे तुकडे) बसवणं, झोळ काढणं, वाकलेला खांब सरळ करणं यासाठी लाईन बंद ठेवावी लागते. ती मागणी लेखी द्या, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने, आणि पोच घ्या. ही पोच पुढे भरपाईच्या वेळीही कामाला येते.

शेतकऱ्याच्या हातात जे आहे ते असं. तारेखालच्या पट्ट्यातला वाळलेला पाला काढून घ्यायचा आणि तोडणी तिथूनच सुरू करायला टोळीच्या मुकादमाला सांगायचं. डीपीभोवती, म्हणजे ट्रान्सफॉर्मरभोवती, दहा-बारा फूट जागा खरवडून स्वच्छ ठेवायची. ज्याला नवीन लागण करायची आहे त्याने तारेखाली ऊस न लावता हिरवा चारा केला तर फार बरं. हे ऐकायला सगळ्यांना आवडत नाही, पण मी ते प्रत्येक गावात सांगतो.

पाचटाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. ते पेटवलं की एका दुपारीत सेंद्रिय खत तर जातंच, शिवाय शेजाऱ्याच्या उसाला धोका होतो. ते सरीआड, म्हणजे एक सरी सोडून दुसरीत, दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं की कुजतं आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, ओल टिकते. अडचण पहिल्या दोन पाण्यांची असते, पाणी सरकत नाही, म्हणून लोक कंटाळून काडी लावतात. यावर सक्ती चालत नाही. गावातल्या दोन जणांनी कुट्टीयंत्र फिरवून खोडवा धरला की बाकीचे बांधावरून बघतात आणि पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतात.

आग लागल्यावर काय करायचं? इथे लोक गोंधळतात. पेटलेला फड वाचवायला जाऊ नका. तो गेला असं समजा. वाचवायचा असतो शेजारचा. वाऱ्याची दिशा बघा, आग कुठे पोचणार ते ठरवा आणि तिच्या खूप पुढे जाऊन रस्ता, पाट किंवा कॅनॉल यांच्या आधाराने पट्टा मोकळा करा. ट्रॅक्टरने ऊस आडवा करायचा असेल तर तो आगीपासून लांबच्या बाजूला पडला पाहिजे आणि पट्टा भिजवला पाहिजे. नुसत्या पाच-सहा फुटांच्या बोळातून उसाची आग सहज उडी मारते. समोरून आग लावून आग विझवायची पद्धत आहे, पण ती सरावलेल्या माणसांनीच करावी. गावाने तिच्या वाटेला जाऊ नये. आणि तार तुटून पडली असेल तर लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा थेंबही मारायचा नाही. १९१२ ला फोन आणि वायरमनला फोन, दोन्ही एकाच वेळी दोन माणसांनी करायचे.

पाण्याचं साधन तुमच्या भागात आधीच उभं आहे, ते म्हणजे द्राक्षबागांचे ब्लोअर, ट्रॅक्टरवरची फवारणीची यंत्रं. टाकीत पाचशे-सहाशे लिटर पाणी, पंपाला दाब आणि ट्रॅक्टर कुठल्याही पाणंदीतून जातो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मागचा पंखा बंद ठेवायचा, नाहीतर तुम्हीच आगीला वारा घालाल. फक्त पाईप आणि गन वापरायची. आणि टाकीत औषधाचं पाणी राहिलेलं असेल तर ते आगीवर मारायचं नाही, त्याच्या धुराने माणसं आजारी पडतात. म्हणून फेब्रुवारीपासून फवारणी झाली की टाकी धुऊन साध्या पाण्याने भरून ठेवायची सवय लावा. गावात असे ब्लोअर किती, कुणाकडे, चालवणारा कोण, त्याचा फोन नंबर काय, आणि तो नसेल तर चावी कुठे असते, एवढं एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत, देवळात आणि दूध डेअरीत लावा. मी ज्या गावांत गेलो तिथे यंत्रं होती, चावी सापडत नव्हती.

आता डोंगराकडे वळू. वणवा उसासारखा नसतो. चढावर आग झपाट्याने धावते. साधारण हिशेब असा की दहा अंश चढ वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वर उभं राहून झोडपायला जायचं नाही, कितीही ओळखीचा डोंगर असला तरी. बाजूने जायचं, जळून काळ्या झालेल्या भागाकडून, आणि निरगुडी-करंजाच्या हिरव्या डहाळ्यांनी कडा मारत पुढे सरकायचं. अंगात सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट. नायलॉनचा टी-शर्ट घालून आलेल्या पोराला मी मागे पाठवतो, कारण तो कपडा वितळून कातडीला चिकटतो. पळायची वेळ आली तर सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आधीच जळून गेलेली जमीन.

वणवा लागतो तो बहुतेक वेळा माणसाच्या हातून. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं असं जुनी माणसं म्हणतात, आणि त्यांना दिसतंही तसंच, कारण राखेतून पहिला कोंब हिरवागार येतो. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या डोंगरावर मारवेलसारखं गुरं आवडीने खातात ते गवत कमी होत जातं आणि कुसळी वाढते, कारण कुसळीला आग सोसते. शिवाय वळवाचा पहिला पाऊस उघड्या जमिनीवर पडतो आणि माती ओढ्यात जाते. हे गुराख्यांना त्यांच्याच डोंगरावर उभं राहून दाखवा, जळालेली बाजू आणि न जळालेली बाजू. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे हेही सांगा, पण सुरुवात तिथून करू नका.

वनखात्याच्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढायचं काम खात्याचं. तुमच्या गायरानावर मात्र ग्रामपंचायत स्वतः गवत कापून, हद्दीलगत ट्रॅक्टरने पट्टा खरवडून घेऊ शकते. कापलेलं गवत लिलावाने दिलं तर खर्चही निघतो. वनरक्षकाचा नंबर आणि खात्याची १९२६ ही हेल्पलाईन त्याच कागदावर लिहा. भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाईल नंबर नोंदवला तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश येतो. उपयोगी आहे, पण उपग्रह ठरावीक वेळाच वरून जातो, त्यामुळे डोंगराकडे तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची नजर त्याच्या आधी पोचते. अशा दोन-तीन घरांना सांगून ठेवा.

आता तुमचे जे दोघे पडले त्यांच्याविषयी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

उष्माघात म्हणजे ४५ अंशाचंच ऊन असं नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा ४० च्या आतच होता. दमट हवा, सावलीचा अभाव आणि तासन्‌तास तिथेच बसून राहणं, यांनी घात केला. उसाच्या फडात तसंच असतं. आत शिरलं की वारा लागत नाही, बुडाशी ओल असते आणि घाम अंगावरच राहतो. त्यात आगीची धग आणि धावपळ. तरुण, धडधाकट पोरगा अर्ध्या तासात आडवा होऊ शकतो.

ओळखायचं कसं? माणूस बरळायला लागतो, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतो, चालताना झोक जातो, उगाच चिडतो. अंग चटका बसेल इतकं तापलेलं असतं. घाम थांबला की मगच उष्माघात, असं लोक समजतात. ते राबणाऱ्या माणसाला लागू पडत नाही, त्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. बोलण्यात फरक पडला की तोच इशारा धरा.

अशा वेळी आधी गार करायचं आणि मग न्यायचं. गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला. जवळ हौद असेल आणि धरायला दोन माणसं असतील तर डोकं वर ठेवून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. १०८ ला फोन तेवढ्यात दुसऱ्याने करायचा, आणि गाडीतही पाणी मारणं चालू ठेवायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तसा नसतो. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. कांद्याला माझा विरोध नाही, पण ती दहा मिनिटं पाणी ओतण्याची असतात.

जो शुद्धीत आहे, नुसता थकलाय, पायात गोळे आलेत, त्याला ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पुडी फोडली तर पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी टाकतात, ते चुकीचं आहे.

यावरून एक नियम करा. आग विझवायला जो जमाव जातो त्यात एक माणूस असा ठेवायचा की जो स्वतः आग विझवणार नाही. त्याच्याकडे घड्याळ, शिट्टी आणि पाण्याचे जार. साधारण वीस मिनिटांनी तो पुढच्या माणसांना मागे बोलावणार आणि दुसरी फळी पाठवणार. त्याने "मागे या" म्हटलं की सरपंचांनीसुद्धा मागे यायचं. हे आधी ग्रामसभेत ठरलेलं नसेल तर त्या वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही, कारण जळत असतो तो कुणाच्या तरी भावाचा ऊस. माझ्या अनुभवात हे काम निवृत्त फौजी उत्तम करतात, आणि आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत त्यांची वाण नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेले, हृदयाचा त्रास असलेले आणि दारू प्यालेले यांना पुढच्या फळीत घ्यायचं नाही, हेही त्यानेच बघायचं.

घराकडचं एक सांगून मग खरेदीवर येतो. उन्हाळ्यात गोठ्याच्या पत्र्यावर पाचट नाहीतर कडबा पसरायची आपल्याकडे पद्धत आहे. म्हशीला त्याने खरंच बरं वाटतं, काळ्या कातडीला ऊन सोसत नाही. पण गोठ्याशेजारी चूल असेल, वरून सर्व्हिस वायर गेली असेल तर तुम्ही जनावराच्या डोक्यावर जळण रचून ठेवलंय. त्यापेक्षा पत्र्याला वरून चुन्याचा दाट हात द्या, आत ओलं गोणपाट टांगा, दुपारी म्हशीच्या अंगावर पाणी मारा. कडब्याची गंजी घराला आणि गोठ्याला खेटून नको, आणि दावी अशी बांधा की एका झटक्यात सुटतील. ऊसतोड मजुरांच्या कोप्या (पाल्याच्या झोपड्या) फडाच्या कडेला दाटीवाटीने उभ्या राहतात, त्यांच्यात अंतर ठेवायला आणि पहाटेची चूल वाऱ्याच्या आडोशाला करायला मुकादमाशी बोला. ती माणसं गावाची मतदार नसतात, म्हणून यादीतून राहून जातात.

आता पैसे. गाव मुख्य रस्त्यापासून आत असेल, पाणंदी रुंद असतील आणि कॅनॉल, विहीर किंवा शेततळं आगीच्या जागेपासून जवळ असेल तर ट्रॅक्टरवरची छोटी गाडी उपयोगी पडते. पाणी लांब असेल तर टाकी एकदा रिकामी झाली की काम थांबतं. तशा गावाने गाडीऐवजी भरणा करायची सोय करावी, म्हणजे दोन-तीन ठिकाणी मोठा कॉक आणि डिझेल पंप, कारण आगीच्या वेळी लाईन बंद केलेली असते आणि विजेची मोटर चालत नाही. सगळ्या टँकरच्या आणि पंपांच्या पाईपची तोंडं एका मापाची करून घ्या. कारखान्याची किंवा नगरपालिकेची गाडी आली आणि तुमच्या कॉकला तिचा पाईप बसला नाही तर ती पाणी भरायला परत जाते. त्यांच्याकडे जाऊन माप विचारून या. उरलेल्या पैशांत शिट्ट्या, जार, ओआरएस आणि देवळावरचा भोंगा बॅटरीवर चालेल अशी व्यवस्था. हे सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या. १ मेच्या सभेपर्यंत निम्मा हंगाम होऊन गेलेला असतो. त्याच ठरावात अकरा ते चार कुणीही बांध, पाचट, कचरा पेटवायचा नाही हे घाला.

शेवटी भरपाईचं. तारेमुळे ऊस पेटला असेल तर त्याच दिवशी महावितरणला लेखी कळवा, पोलिसांत नोंद करा आणि तलाठ्याकडून पंचनामा मागा. निर्णायक ठरतो तो विद्युत निरीक्षकाचा अहवाल. हे कार्यालय महावितरणचं नसतं, शासनाचं असतं, म्हणून त्यांना वेगळा अर्ज द्यावा लागतो. तारेवरची घासल्याची खूण, खाली पडलेले धातूचे थेंब, झोळ, जळालेला स्पेसर यांचे फोटो तारीख-वेळ दिसेल असे काढा, आणि झोळ काढायला आधी दिलेल्या अर्जाची पोच जोडा. जळालेल्या उसाचं वजन आणि साखरेचा उतारा रोज घटतो, म्हणून कारखान्याला लगेच कळवून तोड मागा आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी ऊस गाळपाला जाईल असं बघा. पण तोड सुरू करताना तारेखालचा पट्टा तेवढा शिल्लक ठेवा, निरीक्षक येऊन बघेपर्यंत त्याला हात लावू देऊ नका.